ऑटोमॅटिकचा ‘बॉक्स गेला’ असं सांगितलं? खोलायच्या आधी हे तपासा, आणि खोललाच तर खर्च कुठे जातो ते बघा

माझ्याकडे ऑटोमॅटिक गाडी येते तेव्हा मालकाच्या खिशात बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी अंदाजपत्रक असतं. एक लाख वीस हजार, एक लाख साठ हजार, आणि खाली एक ओळ: ‘गिअरबॉक्स ओव्हरहॉल’, म्हणजे बॉक्स पूर्ण खोलून नव्याने बांधणं. पुण्यात सोळा वर्षं मी हेच बॉक्स उतरवतो, खोलतो, बांधतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. बॉक्स गेला असं ठरवून आलेल्या कितीतरी गाड्यांचा बॉक्स उतरवावाच लागत नाही. आणि ज्यांचा खरोखर गेलेला असतो, त्यातल्या बऱ्याच जणांनी तीन-चार महिने आधी ऑईल बघितलं असतं तर तो वाचला असता. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय, फुकटच्या तपासणीपासून लाखाच्या कामापर्यंत.

आधी लक्षणं

सकाळी गाडी चालू करून ‘डी’त टाकली, ब्रेक सोडला, तरी दोन-तीन सेकंद गाडी जागची हलत नाही आणि मग एकदम धक्का देऊन निघते. ‘आर’ टाकताना खालून ठण्ण आवाज येतो. रेस दिली की आरपीएमचा काटा वर पळतो, पण गाडीचा वेग वाढत नाही; याला आम्ही बॉक्स स्लिप मारतोय म्हणतो. ताशी ५० ते ७० च्या दरम्यान एकसारखं जाताना रस्त्यावरच्या रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर लागते आणि पाय जरा उचलला की थांबते. गाडी एकाच गिअरवर अडकून बसते, उठताना मेल्यासारखी उठते आणि डॅशबोर्डवर दिवा लागलेला असतो. रिव्हर्स गायब होतो, पुढचे गिअर मात्र ठीक चालतात. पार्किंगमध्ये लाल थेंब दिसतात, किंवा घाट चढून वर आल्यावर जळकट वास येतो.

यातलं काय होतं यापेक्षा कधी होतं ते मला जास्त उपयोगी पडतं. फक्त सकाळी गाडी थंड असताना उशीर लागत असेल, तर आतली रबरी सील कडक झाल्याची शंका येते. थंडपणी ठीक आणि अर्धा तास ट्रॅफिकमध्ये काढल्यावर स्लिप होत असेल, तर ऑईल पातळ होऊन प्रेशर पडतंय. घाटात वळणावरच रेस सुटत असेल, तर ऑईल कमी आहे. वळणावर ऑईल चेंबरच्या (बॉक्सच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्याच्या) एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि तेवढ्यापुरतं प्रेशर नाहीसं होतं. पावसातच त्रास होत असेल, तर आधी वायरिंगकडे बघा. घरच्या माणसाला शेजारी बसवून मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या, आरपीएमचा काटा आणि स्पीड दोन्ही दिसतील असा. गॅरेजला नेलं की दुखणं हमखास लपतं. तेव्हा हा व्हिडिओ तासभराची चक्कर वाचवतो.

तुमचा बॉक्स कुठल्या जातीचा?

हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि ते माहीत नसताना खर्चाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. तो आतून साधा मॅन्युअल बॉक्सच आहे. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तिथे तुमच्या हातापायाऐवजी ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. तो धक्के देत असेल तर क्लच प्लेट झिजलेली असते किंवा ॲक्च्युएटरचं काम असतं, आणि ‘ऑटोमॅटिक बॉक्स रिबिल्ड’चं बिल तुम्हाला लागूच होत नाही. सीव्हीटीत दोन पुल्या आणि एक पोलादी पट्टा असतो, ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच. खाली लिहितोय ते मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाचा जोर ऑईलमधून बॉक्सला देणारा भाग असलेल्या), चार किंवा सहा गिअरच्या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकबद्दल. बॅटरी, स्कॅनर आणि माउंटिंगच्या तपासण्या मात्र सगळ्यांनाच चालतात.

ऑईल: पातळी, रंग, वास

खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त निदान इथेच होतं. मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सचं ऑईल फक्त वंगण असतं. ऑटोमॅटिकमध्ये ते वंगण आहे, थंडावा आहे आणि क्लच दाबणारा हातही तेच आहे. अर्धा-पाऊण लिटर कमी झालं की तो हात लुळा पडतो, क्लचच्या प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत, घासतात आणि जळतात. ऑईल कमी असलेली गाडी महिनाभर चालवली की पाचशे रुपयांच्या सीलचं काम लाखावर जातं.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करा आणि सपाट जागी लावा. ब्रेक दाबून धरा, सगळे गिअर एकदा फिरवा आणि परत ‘पी’त आणा. हँडब्रेक ओढा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच कांडी (ऑईलची पातळी दाखवणारी डिपस्टिक) बघायची असते. जुन्या होंडांत मात्र ते बंद करून लगेच, मिनिटभरात बघायचं, त्यामुळे आधी पुस्तिका वाचा. कांडी पुसायला धागे सुटणारं फडकं घेऊ नका, आतले व्हॉल्व्ह त्या धाग्यानेही अडकतात. पातळी ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये हवी. जास्त भरलेलंही वाईटच. ऑईल फेसाळतं, आणि फेसाने प्रेशर बनत नाही.

आता कांडीवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर सोडा आणि दहा मिनिटं थांबा. चांगलं ऑईल लालसर डाग धरून चारी बाजूंनी पसरतं. थकलेलं ऑईल तपकिरी होतं आणि फारसं पसरत नाही. मधोमध काळा ठिपका तसाच बसून राहिला आणि जळक्या टोस्टसारखा वास आला, तर क्लचच्या प्लेटांचं अस्तर त्या ठिपक्यात आहे. ऑईल दुधाळ गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं, तर तिथेच थांबा आणि इंजिन बंद करा. बऱ्याच गाड्यांत बॉक्सचं ऑईल रेडिएटरमधूनच थंड होऊन येतं. तिथली भिंत आतून फुटली की कूलंट बॉक्समध्ये जातो, आणि पाणी लागलं की प्लेटांवरचं अस्तर गोंदातून सुटायला लागतं. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीतही असंच होतं, कारण बॉक्सला वरून श्वास घ्यायची नळी असते आणि तिथून पाणी आत शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबईत पाण्यात राहिलेली कुठलीही गाडी घेताना लोक आधी इंजिन बघायचे आणि बॉक्सकडे कुणी बघायचं नाही. आजही पूर आला की तेच होतं. अशी गाडी चालू करून बघू नका, फ्लॅटबेडवर चढवून आणा.

पुष्कळ नव्या गाड्यांना कांडीच नसते. खालून बोल्ट काढून ठरावीक तापमानाला पातळी बघावी लागते. ते घरी करायचं काम नाही. हे ऑईल भाजून काढण्याइतकं गरम असतं, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचंच नाही.

टॉपअप करायचंच असेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑईल घ्या. रंग लाल आहे म्हणून पॉवर स्टिअरिंगचा डबा ओतलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. सीव्हीटीत साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑईल) घातलं की पट्टा पुलीवर घसरतो आणि दोन्ही खराब होतात. तिथे ऑईलवर वाचवलेले हजार रुपये फार महाग पडतात.

बॅटरी आणि अर्थिंग

लोकांना पटत नाही, पण धक्के देणाऱ्या गाडीत मी दुसरं पाऊल हेच टाकतो. गिअर बदलायचा हुकूम कॉम्प्युटर देतो आणि तो अमलात आणतात सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघड-बंद होणारे छोटे व्हॉल्व्ह. व्होल्टेज पडलं की ते अर्धवट उघडतात आणि कॉम्प्युटर घाबरून गाडी एका गिअरवर अडकवतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने पाच मिनिटांत कळतं. बॅटरीची टोकं साफ करा. बॉक्सपासून बॉडीला जाणारी जाड अर्थची वायर गंजली आहे का तेही बघा. कोकणात राहणाऱ्या गाड्यांत ही वायर हिरवी पडलेली मी कायम बघतो. बॅटरी नवीन बसवल्यावर काही गाड्या पन्नास-शंभर किलोमीटर जरा ओबडधोबड शिफ्ट होतात, कारण कॉम्प्युटर पुन्हा शिकत असतो. तेवढा वेळ द्या.

स्कॅनर

पाचशे ते हजार रुपयांत गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचून मिळतात. कोड खोडून टाकू देऊ नका, आधी लिहून घ्या. पी०७०० एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचं आहे. त्याच्या पुढचा कोड महत्त्वाचा. पी०७१५ आणि पी०७२० हे इनपुट आणि आउटपुट स्पीड सेन्सरचे, पी०७०५ लिव्हरच्या स्विचचा, पी०७५० च्या आसपासचे शिफ्ट सोलेनॉइडचे, पी०७४१ कन्व्हर्टरच्या लॉकअपचा, म्हणजे एकसारख्या वेगात कन्व्हर्टर घट्ट जोडणाऱ्या क्लचचा. पी०७३० ते पी०७३४ आले तर गिअरचं गुणोत्तरच जुळत नाही, म्हणजे आत खरोखर स्लिप आहे. नुसत्या स्पीड सेन्सरच्या किंवा लिव्हरच्या स्विचच्या कोडावर कुणी थेट बॉक्स उतरवायला सांगत असेल, तर गाडी दुसरीकडे न्या.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून एक शिक्षक गाडी घेऊन आले. तिसऱ्या गिअरवर अडकलेली, हातात १,३५,००० चं लेखी अंदाजपत्रक, आणि गाडी विकून टाकायचं मनात ठरलेलं. ऑईल लाल आणि पातळी बरोबर. कोड एकच, पी०७२०. एअर फिल्टरची पेटी काढून बॅटरीखाली टॉर्च मारला तर सेन्सरची वायर दोन ठिकाणी कुरतडलेली, तांब्याची तार उघडी, आणि शेजारी भुईमुगाची टरफलं. वायर जोडली, झाळली, स्लीव्ह चढवली. ११०० रुपये झाले. ती गाडी अजून त्याच बॉक्सवर पळते आहे. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर बॉनेट उघडून एकदा ही पाहणी कराच. कनेक्टर काढून बघा, पिना हिरव्या पडल्या आहेत का, आत ऑईल चढलंय का.

बॉक्सचा नसलेला दोष

इंजिन धरून ठेवणारं रबरी माउंटिंग फाटलं की ‘डी’ टाकताना अख्खं इंजिन उसळतं आणि तो धक्का गिअरचा वाटतो. बॉनेट उघडा, गाडीसमोर कुणालाही उभं करू नका, ब्रेक घट्ट दाबून कुणाला तरी ‘डी’ आणि ‘आर’ टाकायला सांगा आणि तुम्ही बाजूने बघा. इंजिन बोटभरापेक्षा जास्त उडत असेल तर माउंटिंग बदला. दोन ते सहा हजारांचं काम. चढावर एखादा प्लग किंवा कॉइल मिस करत असेल तरीही नेमकी लॉकअपसारखी थरथर येते. त्यासाठी कन्व्हर्टर बदलून झाल्यावरही थरथर तशीच राहिलेली गाडी मी पाहिली आहे.

चेंबर उघडून ऑईल बदलणं

इथून पुढे गॅरेजचं काम. नुसतं ड्रेन करून भरलं तर निम्म्याच्या आसपासच ऑईल बदलतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून हजार किलोमीटरने परत एकदा बदलायचं. एका वेळचा खर्च ग्रेडप्रमाणे पाच ते नऊ हजार. चेंबर उघडताना तुम्ही तिथे हजर राहा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक चिकटवलेले असतात. त्यांच्यावर काजळासारखा मऊ, बोटाला लागणारा काळा थर असेल तर ती साधी झीज आहे. थर बोटांत चोळल्यावर टोचला, उन्हात धरल्यावर चमकणारे तुकडे दिसले, तर आत कुठलं तरी बेअरिंग किंवा गिअर तुटतोय. चुंबकाला न चिकटणारी पितळी रंगाची किसणी दिसली, तर बुश झिजलेत.

जळकं ऑईल आणि आधीपासूनच स्लिप असेल तर मशिनने जोरात फ्लश करून घेऊ नका. नवीन ऑईलने मेलेल्या प्लेटांना अस्तर फुटत नाही. उलट इकडे-तिकडे बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्हमध्ये जातो. ‘ऑईल बदललं आणि बॉक्स गेला’ ही तक्रार अशा गाड्यांमधूनच येते. तिथे प्लेटा आधीच संपलेल्या असतात.

सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी

ऑईल चांगलं आहे, चुंबक स्वच्छ आहे, पण एका ठरावीक बदलाला, समजा दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना, दर वेळी झटका बसतो. अशी गाडी बहुतेक वेळा इथे सुटते. अनेक गाड्यांत बॉक्स न उतरवता, चेंबर काढून व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत, म्हणजे ऑईलची वाट ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यापर्यंत, हात पोचतो. उघड-बंद होणाऱ्या सोलेनॉइडची कॉइल साधारण ११ ते १५ ओहम दाखवते, प्रेशर नियंत्रण करणाऱ्याची ३ ते ६ च्या आसपास. तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो, तो मॅन्युअलमधून ताडून घ्यावा. माझ्याकडे या कामाचं बिल बारा ते चाळीस हजारांत बसतं. ओव्हरहॉलच्या मानाने हा साधारण पाव हिस्सा झाला, म्हणून हे केल्याशिवाय बॉक्स खाली घ्यायला मी तयार नसतो.

थांबा, आणि जाणत्या माणसाला बोलवा

ऑईल पूर्ण भरलेलं असूनही ‘डी’ आणि ‘आर’ दोन्हीत गाडी हलत नाही. ऑईल दुधाळ आहे. चुंबकावर तुकडे आहेत. रेसबरोबर चढत जाणारी घूं-घूं बॉक्समधून येते. जळका वास आणि स्लिप एकत्र आहेत. यातलं एकही असेल तर घरचे प्रयोग बंद. बाटलीतलं ‘स्टॉप लीक’ ओतू नका. ब्रेक दाबून ‘डी’त फुल रेस द्यायची स्टॉल टेस्ट ऐकीव माहितीवर गल्लीत करू नका. ती पाच सेकंदांच्या वर गेली तर ऑईल उकळतं आणि ब्रेक सुटला तर गाडी समोरच्या माणसावर जाते. लाइन प्रेशर, म्हणजे बॉक्समधल्या ऑईलचा दाब, गेज लावून मोजणं हीच खरी शेवटची परीक्षा, आणि ती बॉक्सचं काम करणाऱ्यानेच करावी. आणि गाडी ओढून नेताना बॉक्सला जोडलेली, इंजिन फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवू नका. इंजिन बंद असताना बॉक्सचा पंप फिरत नाही, त्यामुळे आतले भाग कोरडेच फिरतात.

खोललाच तर पैसे कुठे जातात

माझ्या वहीतले सध्याचे आकडे देतो. बॉक्स उतरवून परत चढवण्याची मजुरी १० ते १५ हजार. खोलून, धुऊन, मापं घेऊन बांधण्याची १५ ते २५ हजार; यात दोन-तीन दिवस एकाच टेबलावर एक माणूस बसलेला असतो आणि कामाची खरी किंमत तीच आहे. सील, गास्केट, ओ-रिंग, क्लचच्या प्लेटा आणि मधल्या पोलादी प्लेटा मिळून १८ ते ३५ हजार. टॉर्क कन्व्हर्टर १० ते १८ हजार. ऑईल ५ ते ८ हजार. सोलेनॉइड लागलेच तर १२ ते ३० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे सत्तर हजारांपासून दीड लाखापर्यंत. एखादा ड्रम किंवा प्लॅनेटरी गिअर फुटलेला निघाला तर त्याचे वेगळे. सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या गेल्या तर सव्वा लाखाच्या खाली मी कधी बिल केलेलं नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बहुतेक वेळा बॉक्स खोलत नाहीत, अख्खा बदलतात, आणि तो आकडा अडीच-तीन लाखांच्या घरात जातो.

कुणी पस्तीस हजारांत ‘पूर्ण ओव्हरहॉल’ सांगितला तर विचारा, कन्व्हर्टरचं काय करणार? कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद केलेला असतो. तो लेथवर कापून, लॉकअपचं अस्तर बदलून, परत वेल्ड आणि बॅलन्स करावा लागतो. ते टाळलं तर जुना सगळा चुरा त्यातच राहतो आणि पहिल्याच दिवशी नव्या प्लेटांवर येतो. ऑईल कूलरचंही तसंच. दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा: जुन्या प्लेटा जळल्या कशाने? प्रेशर का पडलं हे न शोधता नुसतं किट टाकलं, तर सहा महिन्यांत गाडी परत तिथेच येते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अपघाती गाड्यांचे बॉक्स मिळतात, पंचवीस ते साठ हजारांना. जुन्या, कमी चालणाऱ्या गाडीसाठी हा मार्ग वाईट नाही, पण बॉक्सवरचा नंबर तुमच्या बॉक्सशी जुळला पाहिजे, आणि चढवायच्या आधी चेंबर उघडून चुंबक बघायची अट घाला. विकणारा उघडू देत नसेल तर तो बॉक्स सोडून द्या. गाडीची बाजारातली किंमत दोन-अडीच लाखांच्या वर नसेल, तर सव्वा लाखाचा ओव्हरहॉल करा असं मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. विम्याकडून झीज झालेल्या बॉक्सचे पैसे मिळत नाहीत. पाणी शिरलं असेल आणि इंजिन-गिअरबॉक्सचं जादा संरक्षण आधीच घेतलेलं असेल, तरच विचारून बघा.

काम द्यायचं ठरलं की तीन गोष्टी कागदावर घ्या. खोलल्यावर, बांधायच्या आधी, मालकाला बोलावून प्लेटा दाखवायच्या. बदललेले सगळे जुने भाग पिशवीत परत द्यायचे. वॉरंटी महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये, दोन्हींत लिहायची. गाडी ताब्यात घेतल्यावर पहिले पाचशे किलोमीटर ओझं आणि घाट टाळा. हजाराला परत गॅरेजमध्ये न्या, पातळी बघून घ्या, चेंबरचा बोल्ट काढून नव्या ऑईलचा थेंब पुन्हा टिश्यू पेपरवर टाका, आणि तो कागद तारीख लिहून गाडीच्या पुस्तिकेत ठेवा.